पासंग

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

"तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही," असे आपण किती सहज म्हणून जातो! पण पासंग म्हणजे नेमके काय, असे विचारले तर आपल्यातले पुष्कळजण डोके खाजवतील. जुन्या तागडीची दोन पारडी क्वचितच अगदी सारखी असत. एखादे पारडे तसूभर जड असे. मग हलक्या पारड्याला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधून काटा मध्यावर आणून घेत. तो खडा म्हणजे पासंग. तो माल नव्हे आणि वजनही नव्हे. मोजमाप सुरू होण्यापूर्वी तागडी न्यायी व्हावी, एवढ्यासाठीच तो असतो. माणसाला हिणवताना आपण नेमकी ती वस्तू निवडली, जी नसेल तर कुणाचेच वजन खरे ठरणार नाही. आहे की नाही गंमत?

हे मला ठाऊक असण्याचे कारण एवढेच की माझे वडील बाजार समितीत मापाडी आहेत. आता तागडी गेली, इलेक्ट्रॉनिक काटा आला. पण वडिलांची सवय गेली नाही. "आधी रिकामा काटा बघायचा, पोरी. मग माल," असे ते म्हणतात. काटा शून्यावर आहे ना हे पाहायचे, मग पोते चढवायचे आणि शेवटी बारदानाचे वजन वजा करायचे. माझ्या आधी आमच्या घरातून कॉलेजात कुणी गेले नाही. त्यामुळे घरून बरोबर आणलेली विद्या म्हणाल तर ती एवढीच. ती गेल्या वर्षी भलत्याच ठिकाणी उपयोगी पडली आणि त्याचीच ही हकिगत आहे.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एका गुरुजींनी पदरमोड करून बुद्धिबळाचे दोन पट आणले होते. सातवीत मी मोहरी ओळखायला शिकले. पुढे वडिलांच्या मोबाइलवर, ते जेवून आडवे झाले की, मी लिचेस या संकेतस्थळावर खेळू लागले. थिबो दुप्लेसी नावाच्या एका फ्रेंच तरुणाने २०१० साली ते सुरू केले. तेथे पैसे पडत नाहीत आणि जाहिरातीही नाहीत. नाव नोंदवले की प्रत्येक नव्या खेळाडूच्या पुढे १५०० हा आकडा येतो. या आकड्याला रेटिंग म्हणतात. वर्तमानपत्रांत त्याला मानांकन म्हणतात आणि मला तो शब्द आवडतो, कारण त्यात अंक आहे तसाच मानही आहे.

प्रथम वर्षात असताना मी एका खुल्या स्पर्धेत नाव द्यायला गेले. टेबलाशी बसलेल्या गृहस्थांनी विचारले, "रेटिंग किती?" मी म्हटले, "अजून नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "मग यादीत शेवटी," असे म्हणून त्यांनी माझे नाव सर्वांत खाली लिहिले. मनात आले, "नाही" आणि "शून्य" हे दोन शब्द एकच आहेत का? मी वाईट खेळते हे त्यांना कुठे ठाऊक होते? मी कशी खेळते एवढेच त्यांना ठाऊक नव्हते. हा फरक फार बारीक वाटतो. पण पहिल्या पिढीने कॉलेजात आलेल्या कोणत्याही मुलाला विचारा, तो या फरकावर तासभर बोलेल!

गेल्या वर्षी आमच्या जिमखान्याने दर महिन्याला ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धा घ्यायचे ठरवले. कारण साधे होते. निम्मी मुले एस.टी.ने येतात आणि साडेचारच्या गाडीने परत जातात, त्यामुळे संध्याकाळी जिमखान्यात थांबणे त्यांना जमत नाही. रात्री आपापल्या घरून किंवा वसतिगृहातून खेळता येईल, असा विचार होता. वर्षाअखेरीस या स्पर्धांवरून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी पाच जणांचा संघ निवडायचा होता. मात्र निवड कशी करायची यावर पहिल्याच बैठकीत वादावादी झाली. कुणी म्हणाले, ज्याने जास्त डाव जिंकले तो. कुणी म्हणाले, ज्याला आंतरराष्ट्रीय मानांकन आहे तो. शेवटी जिमखान्याचे सर म्हणाले, "भांडणारे पुष्कळ आहेत. कागदावर मांडून आणणारे कोण आहे?" मी हात वर केला. विज्ञान शाखेचे संख्याशास्त्राचे सर मदत करतो म्हणाले आणि मी वाचायला बसले.

या साऱ्या शास्त्राचा मूळपुरुष आर्पाद एलो. जन्म हंगेरीतला, १९०३ सालचा. लहानपणीच आईवडिलांबरोबर तो अमेरिकेत आला आणि पुढे मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. स्वतः उत्तम बुद्धिबळपटू. त्याची पद्धत अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने १९६० साली आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० साली स्वीकारली. पद्धतीचा गाभा इतका सोपा आहे की आपल्या बाजारातल्या माणसालाही तो चटकन कळावा. प्रत्येक डावाआधी दोघांच्या आकड्यांवरून एक अपेक्षा मांडायची. दोघे समान असतील तर शंभर डावांत दोघांना पन्नास-पन्नास गुण मिळावेत. शंभर अंकांचे अंतर असेल तर वरच्याला चौसष्ट आणि दोनशेंचे असेल तर शहात्तर. मग डाव खेळायचा आणि अपेक्षेपेक्षा जे जास्त किंवा कमी घडले, तेवढाच आकडा हलवायचा.

उदाहरण घ्या. १७०० चा खेळाडू १५०० च्या खेळाडूला हरवतो. नेहमीच्या हिशेबाने त्याच्या पदरात पाच अंक पडतात. पण १५०० चा जिंकला तर त्याला पंधरा मिळतात आणि नुसती बरोबरी केली तरी पाच मिळतात. म्हणजे दुबळ्यांना झोडपून मोठे होण्याची सोय येथे नाही. "जास्त डाव जिंकले तो मोठा" हा पहिल्या बैठकीतला युक्तिवाद येथेच निकालात निघाला. कुणाला जिंकलात हे विचारल्याशिवाय किती जिंकलात याला अर्थ नाही.

एक शंका तुमच्या मनात येईल. लिचेसवर प्रत्येकाला आकडा आहेच, मग वेगळी वही कशाला? कारण असे की ज्याच्याकडे स्वतःचा मोबाइल आणि मोकळा वेळ आहे, त्याचे तीन हजार डाव झालेले असतात. ज्याला वडील झोपल्यावर मोबाइल मिळतो, त्याचे तीसच झालेले असतात. कुणी दोन-दोन नावांनी खाती उघडतात. झटपट डावांचा आकडा वेगळा असतो आणि सावकाश डावांचा वेगळा. म्हणून खेळायचे त्या पटावर, पण नोंद आपल्या वहीत आपल्याच स्पर्धांची करायची, असे ठरले. वही शंभर पानी. डाव्या बाजूला नावे, उजवीकडे आकडे.

पहिला प्रश्न नव्या खेळाडूचा आला आणि तोच खरा प्रश्न होता. त्याला सुरुवातीला काय द्यायचे? शून्य दिले तर त्याला वर यायला वर्ष जाईल, आणि तोवर जे त्याच्याशी हरतील त्यांचे फुकट नुकसान होईल. हे काही माझ्या मनातले भय नव्हे. जगभरच्या मानांकनात हेच घडत आले आहे. नवी, भराभर शिकणारी मुले कमी आकड्याने आत येतात, त्यांचा खेळ आकड्याच्या पुढे धावतो आणि त्यांच्याशी खेळणाऱ्या जुन्या खेळाडूंचे अंक गळत जातात. शेवटी १ मार्च २०२४ रोजी फिडेला सगळा खालचा विभागच उचलून घ्यावा लागला. किमान मानांकन १००० वरून १४०० वर नेले आणि २००० च्या खालच्या प्रत्येकाला, तो २००० पासून जितका दूर तितक्याच्या चाळीस टक्के अंक एकदाच वाढवून दिले. १५०० वाला एका रात्रीत १७०० चा झाला. माझे वडील ऐकून म्हणाले, "म्हणजे काटा शून्यावर नव्हता. त्यांनी पासंग बांधला."

यावरचा मूलगामी उपाय मात्र मार्क ग्लिकमन नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९९५ साली सुचवला. एलोच्या पद्धतीत प्रत्येकाला एकच आकडा असतो. ग्लिकमन म्हणतो, दोन हवेत. एक खेळाडूची ताकद सांगणारा आणि दुसरा त्या पहिल्याची आपल्याला किती खात्री आहे हे सांगणारा. ज्याचे डाव थोडे, त्याच्याबद्दल आपली खात्री कमी, म्हणून त्याचा आकडा भराभर हलू द्यायचा. ज्याचे डाव पुष्कळ, त्याचा आकडा जड पावलाने हलवायचा. आणि कुणी बरेच महिने खेळलाच नाही, तर त्याची ताकद कमी झाली असे न मानता आपली खात्री कमी झाली असे मानायचे! ग्लिकमनची सुधारलेली पद्धतच लिचेस वापरते. म्हणून तेथे नव्या खेळाडूपुढे नुसते १५०० दिसत नाही, त्याच्यापुढे एक छोटेसे प्रश्नचिन्ह असते. १५००? असे.

त्या प्रश्नचिन्हाकडे मी इतके दिवस नुसती पाहत होते. त्याचा अर्थ कळला तेव्हा खरे सांगते, ऊर भरून आला. काटाच सांगतो आहे की, बाई गं, तू कोण आहेस हे मला अजून कळलेले नाही, आणि न कळण्याचा दोष तुझा नाही. यादीत शेवटी नाव टाकणाऱ्या त्या गृहस्थांपाशी हे एक चिन्ह असते तर!

आमच्या वहीत मी याला बाजारातला शब्द दिला. बाजारात कच्ची पावती आणि पक्की पावती असते, तसा आमच्याकडे कच्चा अंक आणि पक्का अंक. पहिल्या दहा डावांपर्यंत अंक कच्चा. तो पेन्सिलने लिहायचा, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढायचे आणि प्रत्येक डावाला तो दुपटीने हलू द्यायचा. दहा डाव झाले की शाईने लिहायचा. आणि मुख्य नियम असा की, कच्चा अंक आहे या कारणावरून कुणालाही निवडीतून वगळायचे नाही. निवडीपूर्वी त्याला उरलेले डाव खेळायला मिळालेच पाहिजेत. ते मिळवून देणे हे जिमखान्याचे काम, त्याचे नव्हे.

दुसरा प्रश्न मुलींचा. आजवर आमच्याकडे मुलींची स्पर्धा वेगळी होत असे. आम्ही अकरा मुली आपापसांत खेळायचो, त्यातली एक पहिली यायची आणि टाळ्या वाजायच्या. वरून हे सोयीचे दिसते. पण एलोच्या पद्धतीत साधारणपणे एकीचे जेवढे वाढते, तेवढेच दुसरीचे घटते. म्हणजे अकराजणी फक्त आपापसांत खेळल्या तर त्या कितीही तयार झाल्या तरी त्यांची सरासरी होती तेथेच, १५०० च्या आसपास, राहणार. बंद खोलीतली तागडी! आतल्या आत कोण जड ते ती सांगेल, पण बाहेरच्या जगाशी त्या आकड्याचा संबंध उरत नाही.

याचे एक टोक अमेरिकेत दिसले. क्लॉड ब्लडगुड नावाचा एक जन्मठेपेचा कैदी व्हर्जिनियाच्या तुरुंगात बंदिवानांशीच डाव खेळत राहिला आणि १९९६ मध्ये त्याचे मानांकन २७०२ वर गेले. कागदावर तो त्या देशातल्या पहिल्या दोन-तीन खेळाडूंत जाऊन बसला, तोही तुरुंगाबाहेर पाऊल न टाकता. दुसरे टोक बायकांच्या वाट्याला आले. स्त्रिया बहुधा स्त्रियांशीच खेळतात, म्हणून त्यांचे आकडे पुरुषांच्या मानाने कमी राहिले आहेत, असे फिडेने ठरवले आणि १९८७ च्या यादीत सरसकट सर्व स्त्रियांना शंभर अंक वाढवून दिले. फक्त एकीला दिले नाहीत, हंगेरीच्या सुसान पोल्गारला. का? तर ती पुरुषांशी खेळत होती, म्हणून तिचा आकडा आधीच खरा होता! परिणाम असा झाला की स्त्रियांच्या यादीत सर्वांत वर असलेली ही सतरा वर्षांची मुलगी एका रात्रीत पहिल्या स्थानावरून खाली आली. निदान अगदीच चुकीचे नव्हते, पण औषध भलत्याच रोग्याला बाधले. खोलीचे दार उघडायचे सोडून त्यांनी खोलीत शंभर-शंभर अंक वाटले.

दार उघडण्याचे काम आपल्याकडे त्याच्या दहा वर्षे आधी एका मुंबईच्या मुलीने केले होते. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी खाडिलकर भगिनींनी आपल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेची पहिली कितीतरी वर्षे गाजवली. त्यांतली धाकटी रोहिणी १९७६ साली, अवघी तेरा वर्षांची असताना, राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत उतरली. केवढा गदारोळ झाला! प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. पुढे १९८१ साली रोहिणी आशियाची पहिली महिला विजेती झाली. ही हकिगत मी बैठकीत सांगितली आणि मग मुलींची स्पर्धा वेगळी ठेवायला कुणी सुचवले नाही. वही एक, यादी एक, दार सर्वांना उघडे.

तिसरा प्रश्न लबाडीचा. जेथे काटा आहे तेथे काटा मारणाराही असतोच. "१४०० च्या आतील" असे बक्षीस ठेवले की काहीजण मुद्दाम हरून खाली येऊन बसतात. अमेरिकन संघटनेने यावर तोड काढली आहे. खेळाडू एकदा जेथवर चढला, त्याच्या साधारण दोनशे अंक खाली त्याचा तळ ठरतो आणि त्याखाली त्याला उतरता येत नाही. आम्ही याहून सोपे केले. खालच्या गटाचे बक्षीसच ठेवले नाही. त्याऐवजी वर्षभरात ज्याचा पक्का अंक सर्वांत जास्त चढेल, त्याला पुस्तक द्यायचे ठरवले. हरण्यात फायदाच नसेल तर मुद्दाम कोण हरेल? संगणकाला विचारून खेळण्याचा रोग याहून मोठा. आज मोबाइलमधला साधा बुद्धिबळ कार्यक्रमही जगज्जेत्याला भारी पडतो. म्हणून शेवटची निवड फेरी जिमखान्यात, समोरासमोर, लाकडी पटावर घ्यायची असे ठरले.

चौथा प्रश्न बारदानाचा. पोत्याचे वजन मालात धरायचे नसते. तसे पाहता ऑनलाइन डावातही खेळाडूबरोबर त्याचा जुना मोबाइल, वाडीवरची अधूनमधून जाणारी रेंज आणि भारनियमन हे सगळे काट्यावर चढते. ते वजा कसे करायचे? रेंज गेली तर डाव रद्द म्हणावे, तर हरू लागलेला प्रत्येकजण रेंज गेल्याचे सांगेल. आम्ही दोन गोष्टी केल्या. घड्याळाला दहा मिनिटे आणि वर प्रत्येक खेळीला दहा सेकंदांची भर दिली, म्हणजे रेंज अडखळली तरी डाव लगेच हातचा जात नाही. आणि स्पर्धेच्या रात्री कॉलेजची संगणक खोली दहापर्यंत उघडी ठेवायला प्राचार्यांची परवानगी मिळवली. एवढ्याने बारदान पूर्ण वजा झाले असे मी म्हणत नाही, पण निम्मे तरी झाले.

वसतिगृहातली मुले मध्येच म्हणाली, आमच्या मोबाइलवरच्या चौघांच्या संघाच्या खेळालाही हीच वही लावा. ते सोपे नाही. एलोची तागडी दोन पारड्यांची आहे. चौघांचा संघ जिंकला तर त्यात कुणाचा वाटा किती, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ट्रूस्किल नावाची पद्धत काढली आणि २००५ पासून ती त्यांच्या एक्सबॉक्सवरच्या खेळांना लावली. तिच्यातही ताकद आणि खात्री असे दोन आकडे आहेत आणि खात्री नसेल तोवर यादीत माणसाला जपूनच वर चढवतात. गणित मात्र माझ्या वहीच्या बाहेरचे आहे. ते काम मी संख्याशास्त्राच्या सरांच्या विद्यार्थ्यांकडे सोपवले आहे.

असो. वर्ष सरत आले आणि वहीची परीक्षा झाली. पहिले चार खेळाडू बरेच वर होते, त्यांच्याबद्दल वाद नव्हता. पाचवी मी होते. माझा पक्का अंक १५८८. माझ्या खाली प्रथम वर्षाची एक मुलगी होती, तिचा १५६० आणि पुढे प्रश्नचिन्ह. तिचे सहाच डाव झाले होते, कारण घरात मोबाइल एक आणि भावंडे तीन. सर यादीवर सही करायला निघाले होते. "पाच झाले की," ते म्हणाले. मुख्य नियम वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात होता. मी पान उलटून सरांपुढे धरले.

तिला चार डाव मिळाले, जिमखान्यात, तिच्याच तोडीच्या खेळाडूंशी. तिने अडीच गुण केले आणि अंक १५८० च्या घरात जाऊन पक्का झाला. अजूनही मी आठ अंकांनी पुढेच होते. पण आठ अंक म्हणजे काय? शंभर अंकांच्या अंतराला शंभरात चौसष्ट गुण मिळतात, तेथे आठ अंकांना एकावन्नाच्या पुढे फारसे काही मिळत नाही. एवढ्यावर कुणाला घ्यावे आणि कुणाला घरी बसवावे, इतकी त्या आकड्याची ऐपत नाही. म्हणून आणखी एक नियम होता: अंतर पंचवीसच्या आत असेल तर आकड्याने गप्प बसावे आणि पटाने बोलावे. आम्ही दोघी दोन डाव खेळलो, एक पांढऱ्याने आणि एक काळ्याने. पहिला बरोबरीत सुटला. दुसऱ्यात तिने माझा वजीर घोड्याच्या दुहेरी माऱ्यात असा अडकवला की बघणाऱ्यांतून "वा!" निघाले. संघात ती गेली. मी सहावी.

त्या रात्री वाईट वाटले. खोटे कशाला बोलू? प्रवासखर्च मिळून दुसऱ्या शहरात खेळायला जायचे, ही गोष्ट आमच्या घरात आजवर कुणाच्या वाट्याला आलेली नव्हती. शनिवारी घरी गेले तेव्हा वडिलांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारले, "काटा बरोबर होता न्हवं?" मी म्हटले, "होता." "मग जेव आता," म्हणाले. मापाड्याने काटा खरा ठेवायचा असतो. पारड्यात स्वतःचाच माल असला तरी.

या निमित्ताने एक गोष्ट मात्र मनाशी पक्की झाली. मानांकन हे माणसाचे मोल नव्हे, ते केवळ पुढच्या डावाबद्दलचे अनुमान आहे. खुद्द एलोलाही हे ठाऊक होते. पाण्यावर डुचमळणारे बूच, वाऱ्यावर हेलकावणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजावे, तसे हे मोजणे आहे, अशा आशयाचे तो म्हणत असे. आणि अनुमान चुकते तेव्हा काय होते हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. जॉर्जियातील बाटुमी येथे २०२५ च्या महिला विश्वचषकात नागपूरची दिव्या देशमुख उतरली, तेव्हा आकड्यांनी तिला पंधरावे स्थान दिले होते. २८ जुलै रोजी तिने अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून तो चषक जिंकला, आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर हा किताबही. आकडे खोटे नव्हते, तेही आपल्या परीने खरेच बोलत होते. पण अनुमान म्हणजे निकाल नव्हे, हे विसरले तर आकडा जुलमी होतो. आणि हे लक्षात ठेवले तर तोच आकडा ओळखपाळख नसलेल्या पोरक्या खेळाडूचा वकील होतो. कारण ओळखीवर आणि आडनावावर होणाऱ्या निवडीपेक्षा, चार डाव खेळून दाखव म्हणणारी वही केव्हाही बरी.

आपल्या गुणपत्रिकांवरही असे एक प्रश्नचिन्ह असते तर किती बरे झाले असते, असा विचार अनेकदा मनात येतो. दहावी-बारावीचे टक्के आपण शाईने लिहितो. ते कोणत्या घरात, कोणत्या दिव्याखाली आणि किती पुस्तकांच्या जोरावर मिळाले, हे बारदान कुणी वजा करत नाही. प्राध्यापक मंडळींनी रागावू नये. तुम्ही पहिल्या तासाला मागच्या बाकावर बसलेल्या मुलांची नावे विचारता, तेव्हा त्यांच्या नावांपुढे मनातल्या मनात एक प्रश्नचिन्ह काढता आले तर पाहावे. त्यांचे अजून दहा डाव व्हायचे आहेत.

वही जिमखान्याच्या कपाटात ठेवली आहे. जूनमध्ये नवी मुले येतील, त्यांची नावे डाव्या बाजूला लिहिली जातील आणि उजवीकडे प्रत्येकापुढे एकच आकडा येईल, १५००, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. पेन्सिलीला मी टोक काढून ठेवले आहे.